"पाणी येता ना?" सर्व्हेत खरं उत्तर मिळवायचं असेल तर काय काय करायचं

मे महिन्यातली दुपार, मालवणजवळची एक वाडी, चिऱ्याचं घर. पडवीत आजी रातांब्याची सालं रसात बुडवून सुपात पसरत बसल्या होत्या, दोन्ही हात मनगटापर्यंत लाल. माझ्याबरोबरच्या कॉलेजच्या मुलीने फॉर्म काढला आणि विचारलं, "आजी, नळाला पाणी येतं ना?" "होय, येता." "रोज येतं ना?" "होय." "पुरेसं असतं ना?" "होय गो बाय." असे चौदा प्रश्न आणि चौदा वेळा होय. फॉर्म भरला, पेन पिशवीत गेलं, मग आजींनी आम्हाला प्यायला पाणी दिलं आणि तो तांब्या त्यांनी कोपऱ्यातल्या कळशीतून भरला. मी सहज विचारलं ही कळशी कुठची, तर म्हणाल्या विहिरीवरची, नळाक शिमग्यापासून थेंब नाय. बाहेर जाऊन बघितलं तर नळाच्या तोंडाला फडकं गुंडाळलेलं. मग आत्ता होय का म्हणालात, असं विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितलं, "तुमी एवढ्या उन्हातसून इल्यात, तुमका नाय कित्याक म्हणूचा?"

आजी खोटं बोलल्या असं मला अजिबात वाटत नाही. त्यांनी आमचा मान ठेवला. आणि चूक आमचीच, कारण फॉर्मवर "येतं का" होतं आणि तोंडातून "येतं ना" गेलं. ह्यालाच रिस्पॉन्स बायस म्हणतात, म्हणजे उत्तर देणाऱ्याच्या मनात किंवा आयुष्यात जे आहे ते एक आणि कागदावर उतरतं ते दुसरं, आणि हा फरक उगाच इकडे तिकडे न होता ठरावीक एकाच बाजूला झुकलेला असतो. एकाच बाजूला झुकतो म्हणून तर तो धोक्याचा, कारण मग दोनशे घरं करा नाहीतर दोन हजार, सॅम्पल वाढवून तो कमी होत नाही.

मी रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरीच वर्षं मुलांना घेऊन सर्व्हे करते आणि माझं ठाम मत झालंय की लोक प्रश्नाला उत्तर देत नाहीत, समोर उभ्या असलेल्या माणसाला उत्तर देतात. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप कळते. सोशल वर्क, सायकॉलॉजी, बीएड, एमपीएचची (सार्वजनिक आरोग्याची) मुलं, संस्थांमधली माणसं, ग्रामपंचायतीसाठी माहिती गोळा करणारे, सगळ्यांसाठी हे लिहितेय.

पहिली पायरी: नक्की काय मोजायचंय ते एका वाक्यात लिहा

माणूस काय करतो, माणसाला काय वाटतं आणि माणूस काय करेन म्हणतो ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फॉर्ममध्ये त्या सर्रास एकमेकांत मिसळलेल्या असतात. ह्याचं फार जुनं उदाहरण रिचर्ड लापिअर यांचं आहे. १९३०च्या सुमारास ते एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकेत गाडीने फिरले, तेव्हा तिथे चिनी लोकांबद्दल भयंकर आकस होता, तरी २५१ हॉटेलं आणि खाणावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नाकारलं. काही महिन्यांनी त्यांनी त्याच जागांना पत्र पाठवून विचारलं की चिनी गिऱ्हाईक घ्याल का, १२८ जणांची उत्तरं आली आणि त्यातले ९० टक्क्यांहून जास्त म्हणाले नाही. १९३४ साली हे छापून आलं. कागदावर विचारलेलं "घ्याल का" आणि दारात उभी असलेली नीटनेटकी, हसतमुख माणसं, हे दोन वेगळेच प्रश्न होते.

त्यामुळे वागणं मोजायचं असेल तर वागण्याबद्दल विचारा आणि जमेल तिथे डोळ्यांनी बघा. "पाणी येतं का" च्या आधी "आज सकाळी प्यायला पाणी कुठून भरलंत" हा प्रश्न टाकला असता तर आजींना "होय" म्हणायला जागाच उरली नसती. माझ्या आताच्या फॉर्ममध्ये पाण्याचा पहिला प्रश्न हाच असतो.

दुसरी पायरी: प्रश्न लिहिणं, आणि मराठीतले आपले खास खड्डे

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. बाहेरच्या पुस्तकांत सूचक प्रश्न, दुहेरी प्रश्न वगैरे सगळं दिलेलं असतं, पण मराठीत जे होतं ते त्यात नसतं.

एक म्हणजे शेवटी लागणारा "ना". "परवडतं का" आणि "परवडतं ना" ह्यात एका अक्षराचा फरक आहे पण दुसऱ्यात उत्तर आपणच देऊन टाकलेलं असतं. फॉर्मवर "का" छापलेलं असलं तरी बोलताना आपण "ना" म्हणतो कारण ते गोड वाटतं, आपुलकीचं वाटतं. मुलांना मी आधी एकमेकांची मुलाखत मोबाईलवर रेकॉर्ड करायला लावते आणि मग ऐकताना "ना" मोजायला लावते, स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही.

दुसरा खड्डा नकारार्थी प्रश्नाचा. "तुम्ही औषधं वेळेवर घेत नाही का?" ह्याला "हो" आलं तर काय धरायचं? हो, घेत नाही, का हो, घेतो? मराठीत दोन्ही अर्थ चालतात, आणि घरी आल्यावर डेटा भरणाऱ्याला काहीच सांगता येत नाही. नकार प्रश्नातून काढूनच टाका.

तिसरा हुंकाराचा. आपल्याकडे समोरचा बोलत असताना "हो... हो..." म्हणत राहायची पद्धत आहे, त्याचा अर्थ ऐकतोय एवढाच. नवखी मुलं प्रश्न अर्धा वाचून होतोय तोवर आलेला "हो" हेच उत्तर समजून टिक करतात. पूर्ण प्रश्न वाचा, थांबा, मनात तीन आकडे मोजा, मग जे येईल ते लिहा.

शब्दांचा जोर किती असतो ते १९४१ साली डॉनल्ड रग यांनी दाखवलं. अमेरिकेत लोकशाहीविरोधी भाषणांना परवानगी द्यावी का असं विचारल्यावर, "माहीत नाही" म्हणणारे सोडले तर चारातले तीन जण म्हणाले देऊ नये. पण अशा भाषणांवर बंदी घालावी का असं विचारलं तर निम्म्यांहून थोडेच जास्त हो म्हणाले. परवानगी न देणं आणि बंदी घालणं, परिणाम एकच, पण बंदी हा शब्द तोंडाला जड जातो. हेच आपल्या किनाऱ्यावर आणा, जिथे पर्ससीन म्हणजे मोठ्या यांत्रिक बोटींवरून घेरून टाकायचं जाळं आणि रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं पारंपरिक जाळं, ह्यांचा वाद आहे. "पर्ससीनवर बंदी घालावी का" आणि "पर्ससीनला परवानगी असावी का" हे दोन प्रश्न वेगवेगळ्या गावांत विचारलेत तर आकड्यांची तुलना करू नका, मग ते रापणकरांच्या गावात विचारलेले असोत नाहीतर पर्ससीनवाल्यांच्या बंदरावर.

आणि दुहेरी प्रश्न म्हणजे "रात्री एलईडी दिवे लावून होणारी मासेमारी थांबवून पारंपरिक मच्छीमारांना नुकसानभरपाई द्यावी का?" असले. ह्यात दोन प्रश्न आहेत, तोडा. वाक्यात "आणि", "किंवा", "करून" दिसलं की थांबून बघायचं.

"हो"कडे झुकण्याबद्दल अजून एक. ली क्रोनबाख यांनी १९४६ साली दाखवलं होतं की खरं-खोटं किंवा पटतं-नाही पटत असले प्रश्न असले की काही माणसांचा कल मजकूर काहीही असो एकाच पर्यायाकडे जातो. उपाय म्हणून बरेच जण अर्धी वाक्यं उलटी करून टाकतात, म्हणजे "मला माझ्या कामाचं समाधान आहे" आणि पुढे कुठेतरी "मला माझ्या कामाचा कंटाळा आलाय". हे ठीक आहे, निदान कोण डोळे झाकून हो म्हणतंय ते कळतं, पण मला त्याहून बरा उपाय वाटतो तो दोन्ही बाजू प्रश्नातच मांडायचा. "काही जण म्हणतात नवीन जेट्टीने धंदा वाढला, काही म्हणतात कमी झाला, तुमचा अनुभव काय?" असं विचारलं की माणसाला कळतं दोन्ही उत्तरं चालतात, कुणाचं मन मोडत नाही. संडासाच्या वापराबद्दल उत्तर भारतात जे अभ्यास झाले त्यातही हीच गोष्ट पुढे आली, घरात संडास आहे आणि घरचे वापरतात का असं एकदाच विचारलं की चित्र छान दिसतं, पण काही जण घरी जातात काही जण बाहेर जातात असं म्हणून घरातल्या एकेका माणसाबद्दल वेगळं विचारलं की बाहेर जाणाऱ्यांचा आकडा वाढतो.

तिसरी पायरी: उत्तरांचे पर्याय

रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ साली मांडलेली पाच पायऱ्यांची पट्टी आज प्रत्येक गुगल फॉर्ममध्ये असते. पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. आता हे पडवीत बसलेल्या माणसाला वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा. "तटस्थ" कुणी बोलतं का घरात? मी ते दोन टप्प्यांत तोडते: आधी "हे तुम्हाला पटतं की नाही पटत?" आणि जे उत्तर येईल त्यावर "थोडं की खूप?" झाल्या पायऱ्या तयार, आणि माणसाला पाच पर्याय डोक्यात धरून बसावं लागत नाही. "सांगता येत नाही" हा पर्याय ठेवा पण मोठ्याने वाचू नका, वाचलात की थकलेला माणूस तोच घेतो.

आकड्यांच्या पर्यायांचा सापळा वेगळाच आहे. नॉर्बर्ट श्वार्त्स आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली जर्मनीत लोकांना विचारलं रोज टीव्ही किती बघता. एका गटाला पर्याय दिले ते अर्ध्या तासापासून सुरू होऊन "अडीच तासांहून जास्त" वर संपणारे, दुसऱ्या गटाला दिले ते "अडीच तासांपर्यंत" पासून सुरू होऊन वर चढत जाणारे. पहिल्या गटात १६.२ टक्के लोकांनी अडीच तासांहून जास्त सांगितलं, दुसऱ्यात ३७.५ टक्के लोकांनी. कारण साधं आहे, माणूस पर्यायांचा मधला भाग बघतो आणि समजतो की चारचौघं एवढं बघतात, मग मी पण तसाच. दारू, मोबाईल, औषधं, मुलांना मारणं, असल्या कुठल्याही प्रश्नाला तयार पर्याय देऊच नका, आकडा विचारा आणि आकडाच लिहा, गट नंतर ऑफिसात बसून पाडता येतात.

चौथी पायरी: प्रश्नांचा क्रम

१९४८ साली अमेरिकेत हर्बर्ट हायमन आणि पॉल शीट्सली यांनी विचारलं होतं की रशियासारख्या कम्युनिस्ट देशांच्या पत्रकारांना इथे येऊन बातम्या पाठवू द्यावं का. हा प्रश्न आधी विचारला तर ३६ टक्के हो म्हणाले. पण आधी "अमेरिकन पत्रकारांना रशियात तसं करू द्यावं का" हे विचारून मग हाच प्रश्न टाकला तर ७३ टक्के. एकदा आपल्या बाजूने हक्क मागितला की दुसऱ्याला नाही कसं म्हणणार, माणसाला स्वतःशी सुसंगत राहायचं असतं.

सायकॉलॉजीच्या मुलांना फ्रिट्झ श्ट्राक आणि मंडळींचा १९८८ चा प्रयोग माहीत असायला हवा. कॉलेजच्या मुलांना आधी आयुष्यात किती खुश आहात आणि मग डेटवर किती वेळा जाता असं विचारलं तर दोन्हींचा संबंध जवळजवळ नव्हताच, सहसंबंध (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) उणे ०.१२, आणि क्रम उलटा केला तर तोच ०.६६ झाला. आता आपल्याकडे आंबा बागायतदारांचा सर्व्हे धरा. आधी माकडांनी किती नुकसान केलं, थ्रिप्स किडीने किती, अवकाळीने किती, फवारणीला किती पैसे गेले हे वीस प्रश्न विचारून मग "एकंदर हा सीझन कसा गेला" विचारलात तर काय उत्तर येणार ते तुम्हीच ठरवलेलं असतं. म्हणून एकंदर विचारायचं ते आधी, तपशील नंतर. नाजूक प्रश्न शेवटाकडे, पण अगदी शेवटचा नको, शेवटी काहीतरी साधं विचारून उठा, माणूस कडवट तोंडाने राहायला नको.

पाचवी पायरी: आठवण

"गेल्या वर्षभरात दवाखान्यात किती वेळा गेलात?" ह्याला कुणाकडेच खरं उत्तर नसतं, माणूस मनात अंदाज बांधून सांगतो. एकीकडे छोट्या गोष्टी विसरतो, दुसरीकडे दीड वर्षापूर्वीची मोठी गोष्ट ओढून ह्या वर्षात आणतो.

ह्यावर आपल्या देशात जेवढा वाद झालाय तेवढा क्वचितच कुठे झाला असेल. केंद्र सरकारचा नॅशनल सॅम्पल सर्व्हे १९५० पासून घरोघरी खर्च विचारत आलाय आणि बराच काळ सगळा खर्च गेल्या ३० दिवसांचा विचारायचे. नव्वदीत प्रयोग म्हणून काही घरांत खाण्यापिण्याचं ७ दिवसांचं विचारलं तर खर्च जास्त निघाला. मग १९९९-२००० च्या ५५व्या फेरीत एकाच घराला शेजारशेजारच्या रकान्यांत ७ दिवसांचं आणि ३० दिवसांचं दोन्ही विचारलं, आणि दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आले, कारण एक सांगितल्यावर दुसरा त्याला जुळवूनच सांगितला जातो. देशातली गरिबी किती कमी झाली हा प्रश्न त्या दोन रकान्यांत अडकून पडला आणि अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडत राहिले. हल्ली भाजी, दूध, मासे असल्या गोष्टी ७ दिवसांच्या, कपडे, शिक्षण असल्या कधीतरीच्या गोष्टी ३६५ दिवसांच्या आणि बाकीचं ३० दिवसांचं असं विचारतात. तुम्ही पण हाच हिशोब ठेवा, रोजचं ते आठवड्याचं, कधीतरीचं ते वर्षाचं.

आणि वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर नव्हे. किनाऱ्यावर वर्ष मासेमारी बंदीने मोजतात, १ जून ते ३१ जुलै, मग नारळी पौर्णिमा, गणपती, दिवाळी, शिमगा, मग आंबा. "गेल्या बारा महिन्यांत" ऐवजी "गेल्या नारळी पौर्णिमेपासून" म्हणून बघा, माणूस लगेच महिने मोजायला लागतो. जुन्या गोष्टींसाठी वादळं वापरा. फयान नोव्हेंबर २००९ चं, निसर्ग ३ जून २०२० चं, तौक्ते मे २०२१ चं. "बोट कधी घेतलीत?" ला "झाली दहा-बारा वर्षं" येतं, पण "फयानच्या आधी की नंतर?" ला चटकन उत्तर येतं आणि पाठोपाठ कुणाची बोट कुठे लागली ती सगळी गोष्ट पण येते. वयाचंही तेच, "साठ असतील" पेक्षा "लग्न झालं तेव्हा किती वर्षांच्या होतात, मोठा मुलगा आता किती वर्षांचा" असं फिरवून विचारलं की खऱ्याच्या जवळ जाता येतं.

सहावी पायरी: जे कुणीच सांगणार नाही ते

उत्पन्न, कर्ज, दारू, नवऱ्याची मारहाण, मनातली निराशा, आणि आमच्याकडे रात्री लाइट लावून केलेली मासेमारी, जिच्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. तोंडावर विचारलंत की "छे, आमच्याकडे नाही तसलं काही." तुमचा चेहरा कितीही भला असो, समोरच्याला तुम्ही कोणाची माणसं हे माहीत नसतं.

सगळ्यात सोपं म्हणजे तेवढे दोन प्रश्न वेगळ्या चिठ्ठीवर द्या, त्याने पाठ करून टिक करायची, घडी घालून बंद डब्यात टाकायची. वाचता येत नसेल तर चित्रं किंवा रंग. माझा अनुभव आहे की डब्याला कुलूप लावलेलं डोळ्यांनी दिसलं की लोक मोकळे होतात.

त्याहून पक्की पद्धत स्टॅन्ली वॉर्नर यांच्या १९६५ च्या कल्पनेतून आलेली आहे, तिचं सोपं रूप सांगते. माणसाला एक रुपयाचं नाणं द्या, तो तुम्हाला न दाखवता उडवेल. छापा पडला तर काहीही असो "होय" म्हणायचं, काटा पडला तर खरं सांगायचं. आता त्याने होय म्हटलं तरी तुम्हाला कळत नाही की नाण्याने म्हणायला लावलं का खरंच केलंय, तो सुरक्षित. पण सगळ्यांचा मिळून हिशोब लागतो. समजा २०० खलाशांना विचारलं आणि १३० होय आले. साधारण १०० होय नाण्याचे, उरले ३०, ते काटा पडलेल्या १०० जणांतले, म्हणजे ३० टक्के. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायलाच हवी, नाण्यामुळे अंदाज सैल होतो, २०० माणसांवर हे ३० टक्के म्हणजे खरं तर साधारण १७ ते ४३ च्या मधलं काहीही असू शकतं. पन्नास माणसांच्या प्रोजेक्टला ही पद्धत वापरू नका.

यादीची पद्धतही चांगली आहे. लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एकाला चार गोष्टींची यादी वाचून दाखवा: नवं जाळं घेतलंत, बँकेत कर्जासाठी गेलात, गणपतीला मुंबईचे पाहुणे ठेवून घेतलेत, दुसऱ्या बंदरावर मासे विकलेत. दुसऱ्याला हीच यादी अधिक "रात्री लाइट लावून मासे मारलेत". कुठल्या गोष्टी केल्या ते सांगायचं नाही, फक्त किती केल्या तो आकडा सांगायचा. पहिल्या गटाची सरासरी २.१ आणि दुसऱ्याची २.४ आली तर फरक ०.३, म्हणजे ३० टक्के. मोठ्या संख्येशिवाय हीसुद्धा चालत नाही.

मानसिक आरोग्याबद्दल जरा वेगळं बोलायला हवं कारण इथे लाज आणि भाषा दोन्ही आड येतात. नैराश्य तपासणारी पीएचक्यू-९ सारखी प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांतल्या नऊ गोष्टी विचारते, तिच्यातला "निराश" हा शब्द माझ्या अनुभवात गावातल्या पुरुषांना परीक्षेत नापास झालेल्या मुलाचा वाटतो. ते "टेन्शन हा", "जेवान जाना नाय", "झोप लागना नाय" असं बोलतात. मान्य प्रश्नावलीतले शब्द आपल्या मनाने बदलायचे नाहीत, तसं केलंत तर तुमचे गुण दुसऱ्या कुठल्याच अभ्यासाशी ताडून बघता येणार नाहीत, पण आधी चार गप्पा त्यांच्या शब्दांत मारून मग प्रश्न वाचायला कुणाची हरकत नाही. आणि जीव नकोसा वाटतो असं कुणी सांगितलं तर फॉर्म बाजूला ठेवायचा, पुढे कुणाकडे न्यायचं ते गावात जायच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे.

सातवी पायरी: विचारणारा कोण आणि आजूबाजूला कोण

कोकणात कुणाच्या खळ्यात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न तेच विचारतात, "खयच्ये तुम्ही? आडनाव काय?" आणि तुमच्या उत्तरावरून गाव, वाडी, जात, पक्ष सगळं मनात लावून मग पुढची उत्तरं तशी येतात. हे टाळता येत नाही, पण पसरवता येतं. एकाच वाडीत एकाच माणसाला पाठवू नका, दोघांना घरं चिठ्ठ्या टाकून वाटून द्या. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये पिकांच्या सर्व्हेत हेच केलं होतं, एकाच भागातले दोन स्वतंत्र नमुने दोन स्वतंत्र टोळ्यांना दिले, म्हणजे दोघांचे आकडे फार लांब गेले की गडबड माणसांत आहे हे कळायचं. जगभर ह्या पद्धतीचं श्रेय त्यांना देतात आणि आपल्या कॉलेजांत ती क्वचित वापरली जाते ह्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण खर्च काहीच नाही.

सरपंचांना किंवा मुकादमाला बरोबर घेऊन फिरायचा मोह होतो, दारं पटापट उघडतात. पण ते उभे असताना रस्ता, पाणी, मजुरी ह्यातलं काहीच खरं मिळणार नाही. त्यांना पहिल्या दिवशी भेटा, आदराने कल्पना द्या, आणि घरोघरी एकटे जा. बायकांशी बोलताना सासू, नवरा, शेजारीण येऊन बसतातच, त्यांना उठवता येत नाही. आम्ही दोघी जातो, एक जण सासूबाईंना परसात नेऊन झाडापेडांबद्दल विचारते, खरंच विचारते कारण फॉर्मचा तो भाग त्यांच्यासाठीच ठेवलेला असतो, तेवढ्यात दुसरी सुनेशी बोलते.

आपल्या नकळत आपण काय सुचवतो ते बघायचं असेल तर बर्लिनमधल्या हान्स घोड्याची गोष्ट वाचा. तो खुराने टापा मारून बेरजा सांगायचा, आणि १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवलं की बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित हलायचं आणि घोडा थांबायचा. विचारणाऱ्याला स्वतःला पत्ता नसायचा. प्रयोगशाळेतही हेच, मार्टिन ऑर्न यांनी १९६२ साली लिहिलं की प्रयोगात आलेला माणूस ह्यांना काय सिद्ध करायचंय त्याचा अंदाज घेत असतो आणि मदत म्हणून तसं वागतो. म्हणून सायकॉलॉजीच्या मुलांनो, प्रयोग संपल्यावर प्रत्येकाला विचारा "हे कशासाठी होतं असं तुम्हाला वाटलं?", आणि शक्य असेल तर ज्याला गृहीतक माहीत नाही अशा मित्राकडून प्रयोग घ्या.

आठवी पायरी: जे भेटलेच नाहीत

१९३६ साली लिटररी डायजेस्ट नावाच्या मासिकाने अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे १ कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या, २३ लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांनी रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. ज्यांना पाठवलं ते टेलिफोन आणि मोटारी असलेले जास्त, आणि परत पाठवायची तसदी घेतली ती चिडलेल्या लोकांनी जास्त.

आपल्याकडे सकाळी अकराला बंदरावरच्या वाडीत गेलात तर भेटतात म्हातारी माणसं आणि बायका. गणपतीत गेलात तर अर्धी घरं चाकरमान्यांची, मे मध्ये गेलात तर बागायतदार पेट्या भरण्यात. बोटींवरचे आणि बागांतले नेपाळी खलाशी, राखणदार तर कुठल्याच यादीत नसतात, बंदराचा सर्व्हे केला आणि ते नाहीत तर तो बंदराचा सर्व्हे कसला? भरती-ओहोटी बघून, बोटी कधी लागतात ते विचारून वेळ ठरवा, बंद घरावर वेगवेगळ्या वेळी तीनदा जा, आणि तरी नाही भेटलं तर शेजारचं घर घेऊ नका, "बंद" असं लिहा. व्हॉट्सअॅपवर फॉर्मची लिंक फिरवून मिळालेली तीनशे उत्तरं म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचं मत असं कृपा करून लिहू नका.

नववी पायरी: आधी दहा जणांवर करून बघा

पायलट म्हणजे फॉर्म भरून घेणं एवढंच नाही. प्रत्येक प्रश्नानंतर विचारा, "हा प्रश्न तुम्हाला काय विचारतोय असं वाटलं?" एकदा आम्ही "तुमच्या कुटुंबात किती जण" विचारलं आणि एका काकांनी एक म्हटलं, कारण कुटुंब म्हणजे त्यांच्या तोंडी बायको. तेव्हापासून आम्ही "एका चुलीवर किती जण जेवतात" विचारतो, आणि मुंबईला असलेल्यांचं वेगळं.

डेटा आल्यावर

आकडे काढायच्या आधी तीन तपासण्या करा. पहिली, वयांची: २३ ते ६२ वयाची माणसं घ्या, त्यातली ० किंवा ५ वर संपणारी मोजा, एकूणाने भागा आणि ५०० ने गुणा. १०० च्या आसपास आलं तर छान, ५०० म्हणजे सगळ्यांनीच गोल आकडा सांगितला. ह्याला व्हिपल निर्देशांक म्हणतात, जनगणनेवाले वापरतात, आणि माणसं पुरेशी असतील तर तुमच्या मुलांनी वय नीट विचारलं का हे ह्यातून लगेच कळतं. दुसरी, सलग एकच उत्तर असलेले फॉर्म वेगळे काढा, खोडू नका, ते कुणी भरले, दिवसातल्या कितव्या घरात भरले ते बघा, संध्याकाळचे जास्त निघाले तर थकवा हे कारण आहे आणि दिवसाला घरं कमी करा. तिसरी, प्रत्येक मुलाखतकाराची सरासरी वेगळी काढा.

त्या मे महिन्यातल्या सर्व्हेत ही तिसरी तपासणी केली तेव्हा एका मुलीच्या फॉर्मांत पाण्याला जवळजवळ सगळीकडे होय होतं आणि त्याच वाडीत दुसऱ्या मुलाच्या फॉर्मांत निम्म्याहून जास्त नाही. पुढच्या आठवड्यात तिच्याच घरांपैकी बारा घरांत परत गेलो, ह्या वेळी तिने विचारलं, "आज पाणी कुठून भरलंत?" नऊ घरांनी विहीर सांगितली. रिपोर्टमध्ये आम्ही दोन्ही आकडे छापले, पहिल्या वेळचे आणि दुसऱ्या वेळचे, शेजारी शेजारी, आणि कोणत्या शब्दांत विचारलं होतं तेही जसंच्या तसं, "ना" सकट.